स्विच २ बघितला, पण गेम हातोहात फिरणार का?

एप्रिल २०२५ ची गोष्ट. निंटेंडोचा गेम खेळायचा नवा कन्सोल (हातात धरूनपण, टीव्हीला लावूनपण), स्विच २, आला एकदाचा. म्हणजे आला नाही, दाखवला. यायला ५ जून उजाडणार आणि तेही आपल्याकडं नाहीच, पण ते रडगाणं नंतर गातो. जानेवारीत १६ तारखेला निंटेंडोनं एक छोटा ट्रेलर सोडला होता, त्यात मशीन इकडून तिकडून फिरवून दाखवलं, तोंडातून एक अक्षर नाही, आणि मग अडीच महिने आम्ही सगळे ग्रुपवर अंदाजपंचे दाहोदरसे करत बसलो. शेवटी २ एप्रिलला बुधवारी तासाभराचा कार्यक्रम झाला, आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे कोल्हापुरात आमच्या कारखान्यांच्या उद्यमनगरात मशीन बंद करून हाताचं ऑइल पुसायची वेळ. बघितला सगळा. तासभर सगळं दाखवलं, किंमत सोडून! किंमत नंतर गुपचूप वेबसाइटवर टाकली, आणि तिथंच कळलं की आकडा काही सरळ नसणार.

आधी मशीनबद्दल बोलतो कारण मशीन खरंच चांगलं वाटतंय. स्क्रीन ७.९ इंच, २०१७ चा पहिला स्विच ६.२ इंचाचा होता. ७२०पी वरून १०८०पी, रिफ्रेश रेट १२० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं, एचडीआर पण आहे, म्हणजे उजेड-अंधार जास्त उठून दिसतो, आणि एवढं करून जाडी तेवढीच ठेवलीय, १३.९ मिलिमीटर. डॉकमधून, म्हणजे टीव्हीजवळ ठेवायच्या त्याच्या स्टँडमधून, टीव्हीला लावला की ४के पर्यंत जातो, डॉकमध्ये पंखा दिलाय, इंटरनेटच्या लॅन केबलला जागा आहे. आत एनव्हिडियाची चिप आहे, डीएलएसएस चालतं, म्हणजे गेम कमी रिझोल्यूशनवर पळवायचा आणि चित्र हुशारीनं मोठं करून दाखवायचं. स्टोरेज ३२ जीबीवरनं थेट २५६. यूएसबी-सी आता दोन आहेत, एक खाली आणि एक वर, हे कुणी फार बोललं नाही पण ज्यानं स्टँडवर उभा करून स्विच खेळलाय त्याला विचारा, चार्जर लावायची जागा नेमकी बुडाखाली आणि मशीन उभं बुडावरच, मग चार्ज करायचं कसं? हा वैताग संपला. स्टँडपण आता चांगला रुंद, यू आकाराचा दिलाय, पाहिजे त्या कोनात थांबतो.

दोन गोष्टी खटकल्या. स्क्रीन एलसीडी आहे. २०२१ ला ओएलईडीवाला स्विच काढलावता, ज्यानं तो वापरलाय त्याला काळा रंग काळा बघायची सवय लागलीय, आता परत एलसीडी म्हटल्यावर तोंड वाकडं होणारच. आणि बॅटरी. कंपनीच सांगतीय दोन ते साडेसहा तास. २०१९ ला जुन्या स्विचची जी सुधारलेली आवृत्ती आलीवती ती साडेचार ते नऊ तास चालायची. म्हणजे मोठा गेम लावला आणि उन्हाळ्यात दुपारची लाईट गेली तर दोन तासांत आपणपण अंधारात.

आता जॉय-कॉन, म्हणजे दोन्ही बाजूचे ते कंट्रोलर. आधी ते खाचेत वरून सरकवून बसवायचे, आत प्लास्टिकची एक बारीक लॅच असायची, ती झिजली की कंट्रोलर लुळा पडायचा, लोक बाहेरून धातूची लॅच मागवून बदलायचे. आता सगळं मॅग्नेटवर. जवळ नेला की खट्ट करून बसतो. ट्रेलरमध्ये ते बघून ग्रुपवर सगळे "नाद खुळा" "नाद खुळा" करालेवते पण माझं डोकं भलतीकडंच गेलं, कारण मॅग्नेटवर धरलेला जॉब, म्हणजे मशीनवर चढवलेला लोखंडाचा तुकडा, आम्ही रोज बघतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सरफेस ग्राइंडरवरच्या (जॉब घासून सपाट करायचं मशीन) मामांना व्हिडिओ दाखवला. मामांना गेममधलं ओ की ठो कळत नाही.

"मामा, हे बघा, नवीन आलंय. मॅग्नेटवर बसतंय."

मामांनी मोबाईल लांब धरला, डोळे बारीक केले. "मॅग्नेट उभं धरंल की रं. आडवं धरंल का? स्टॉपर लावल्याशिवाय मी व्हील टेकवतोय व्हय कधी जॉबला?"

हे सोळा आणे बरोबर आहे. मॅग्नेटिक चकवर, म्हणजे जॉब धरून ठेवणाऱ्या चुंबकाच्या टेबलावर, जॉब सरळ वर ओढला तर जीव गेला तरी निघत नाही, पण बाजूनं रेटा दिला की सरकतो, म्हणून कडेला स्टॉपर लावायचा. मग मी परत परत थांबवून तो व्हिडिओ बघितला. कन्सोलच्या बाजूला एक उभी खोलगट खाच आहे आणि जॉय-कॉनची कड त्या खाचेत आत बसते, म्हणजे वर-खाली आणि मागं-पुढं सरकायला जागाच नाही, खाचच स्टॉपरचं काम करते आणि मॅग्नेटला फक्त बाहेर ओढण्याविरुद्ध धरायचंय. काढायला मागं एक खटका आहे, तो दाबला की जॉय-कॉन ढकलून सुटा होतो, ताकदीनं ओढायचा नाही. ज्यानं कुणी हे डिझाइन केलं तो माणूस कधीतरी मशीन शॉपमध्ये उभा राहिलेला असणार. मामांना हे समजावून सांगितलं तर म्हणाले "मग हाय बरोबर" आणि डबा उघडला. एवढं सर्टिफिकेट मला पुरे.

पण जिथं मॅग्नेट लावायला पाहिजे होतं तिथं लावलंच नाही हो! जुन्या जॉय-कॉनचा खरा रोग स्टिकचा, म्हणजे अंगठ्यानं फिरवायच्या त्या दांडीचा. हात न लावता गेममधला माणूस आपोआप एकीकडं चालत सुटायचा, ड्रिफ्ट म्हणतात त्याला, जगभर बोंब झाली, अमेरिकेत खटले झाले, २०२० ला कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतः दिलगिरी व्यक्त केली. कारण साधं आहे, स्टिकच्या आत एकमेकांवर घासणारे भाग आणि घासणारं काहीही झिजणार. त्याला उपाय हॉल इफेक्ट स्टिक, त्यात मॅग्नेटनं जागा ओळखतात, घासायचा प्रश्नच नाही. आणि आता कंपनीच्याच माणसानं मुलाखतीत सांगितलं की नव्या जॉय-कॉनच्या स्टिक हॉल इफेक्टवाल्या नाहीत, पण नव्यानं बनवल्यात, मोठ्या आहेत, टिकतील. बघू. झिजायला वेळ लागतो, पहिल्या महिन्यातले रिव्ह्यू त्यात काही उपयोगाचे नाहीत.

जॉय-कॉन आडवा कडेवर ठेवला की त्याचा माऊस होतो. टेबलावर चालतो, आणि ते म्हणे पँटवर मांडीवर ठेवूनपण चालतो. हे मला आधी थिल्लर वाटलं होतं, पण विचार केल्यावर वाटतंय की सिव्हिलायझेशनसारखे नकाशावर राज्य चालवायचे गेम सोफ्यावर बसून खेळायचे तर याच्याशिवाय सोय नाही. व्हीलचेअर बास्केटबॉलचा एक गेम दाखवला, ड्रॅग एक्स ड्राइव्ह, त्यात दोन्ही हातात दोन माऊस आणि दोन्ही चाकं ढकलायची. कल्पना झकास आहे. दहा मिनिटांनी खांदे भरून येतात का नाही ते आल्यावरच कळेल.

मारिओ कार्ट वर्ल्ड हा मेन गेम, मशीनबरोबर पहिल्याच दिवशी येणार. एका रेसमध्ये २४ जण, आधी १२ असायचे. ट्रॅक सुटे सुटे नाहीत, सगळं जग एकमेकांना जोडलेलं, एका ट्रॅकवरून दुसऱ्यापर्यंत गाडी चालवतच जायचं. आणि गाय! इतकी वर्षं जी गाय नुसती ट्रॅकच्या आसपास असायची ती आता गाडीवर बसून रेस मारणार. आमच्या ग्रुपवर अर्धा तास त्यावरच चर्चा, कारण कोल्हापूरच्या माणसाला पहिला प्रश्न काय पडणार, म्हैस का नाही? पाडव्याला आम्ही म्हशी सजवून रस्त्यावर पळवतो, मोटारसायकलच्या मागं मागं पळतात त्या, आणि या लोकांनी गाय घेतली. क्योटोत बसून त्यांना काय कळणार म्हणा. एकजण म्हणाला गंगावेशीत दूध काढून देणारीवाली म्हैस पाहिजे, रेस हरली तर हरली.

बाकीचे गेम पटापट. डाँकी काँग बनान्झा १७ जुलैला, त्यात समोरची भिंत, जमीन, डोंगर काहीही फोडत जायचं, तो मला मारिओ कार्टपेक्षा जास्त आवडेल असं वाटतंय. एल्डन रिंग येतोय, सायबरपंक २०७७ येतोय, हे जुन्या स्विचवर स्वप्नातसुद्धा चाललं नसतं. एल्डन रिंगच्याच कंपनीचा डस्कब्लड्स नावाचा नवा गेम २०२६ ला फक्त यावरच येणार. झेल्डाचे दोन्ही जुने गेम जास्त फ्रेमरेटनं, म्हणजे न अडखळता, चालतील पण त्याचे वेगळे पैसे. जुन्या स्विचचे बहुतेक सगळे गेम यात चालतात, जुनं कार्ट (गेम भरलेलं ते छोटं कार्ड) घालायचं आणि खेळायचं, ही गोष्ट साधी वाटते पण फार मोठी आहे.

आता पैसे.

एप्रिल २०२५ ला जाहीर झालेली कन्सोलची अमेरिकेतली किंमत ४४९.९९ डॉलर. तेव्हाच्या रेटनं साडेअडतीस हजाराच्या आसपास. मारिओ कार्ट वर्ल्ड बरोबर घेतला तर ४९९.९९. पहिला स्विच २०१७ ला २९९.९९ ला आलावता. कन्सोलच्या किमतीवर मी फार ओरडणार नाही, आठ वर्षांत सगळंच वाढलंय, आणि आपल्याकडं डिस्कवाला प्लेस्टेशन ५ तेव्हा ५४,९९० ला होताच की. ओरडायचंय ते गेमच्या किमतीवर. एकटा मारिओ कार्ट वर्ल्ड घ्यायचा तर ७९.९९ डॉलर. पावणेसात हजाराच्या वर जातंय ते. एका गेमला! डाँकी काँग ६९.९९. आणि यावर कडी म्हणजे वेलकम टूर नावाचा एक गेम आहे, ज्यात नव्या मशीनमध्ये काय काय आहे ते फिरून बघायचं, माऊस कसा चालतो, स्क्रीन कशी आहे वगैरे, थोडक्यात मॅन्युअलच, आणि ते पण विकत, ९.९९ डॉलर. हळदीकुंकवाला बोलवायचं आणि वाणाचे पैसे घ्यायचे असला प्रकार झाला हा. सोनीनं प्लेस्टेशन ५ बरोबर अ‍ॅस्ट्रोचा गेम फुकट दिलावता, खुद्द निंटेंडोनं अमेरिका-युरोपात वी नावाच्या आपल्या जुन्या कन्सोलबरोबर स्पोर्ट्सचा गेम डब्यातच दिलावता आणि घराघरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी त्यावर बोलिंग खेळलं. त्याच कंपनीला हे कसं सुचलं कोण जाणे.

त्यात अजून एक गंमत झाली. २ एप्रिललाच तिकडं ट्रम्पतात्यांनी सगळ्या जगावर टॅरिफ, म्हणजे आयात कर, जाहीर केलं, व्हिएतनामवर ४६ टक्के, आणि स्विचचं बरंच उत्पादन व्हिएतनाम आणि चीनमध्ये. दोनच दिवसांत निंटेंडोनं अमेरिकेतलं ९ एप्रिलचं प्री-ऑर्डर पुढं ढकललं. म्हणजे तेव्हा ४५० डॉलरचा आकडासुद्धा पक्का धरता येत नव्हता.

आणि आपल्याकडचं काय तर काहीच नाही. निंटेंडो भारतात अधिकृतपणे विकत नाही. प्लेस्टेशन मिळतो, एक्सबॉक्स मिळतो, निंटेंडोचं दुकान नाही, सर्व्हिस सेंटर नाही, ऑनलाइन ईशॉपमध्ये भारत हा देशच नाही. मग आपण काय करतो, खातं दुसऱ्या देशाचं उघडायचं, गिफ्ट कार्डाचा कोड विकत घ्यायचा, आणि मशीन कुणाचा तरी भाऊ दुबईवरनं येताना घेऊन येतो किंवा मुंबई-पुण्याच्या इम्पोर्टवाल्याकडनं घ्यायचं. वॉरंटी म्हणजे विकणाऱ्याचा शब्द. त्याच्यामुळं ज्यांचं कुणी जपानला आहे त्यांनी हे नीट वाचा, कारण कोल्हापूरच्या आयटीवाल्या पोरांतलं कुणी ना कुणी आता टोकियोत असतंयच: जपानमध्ये (२०२५ ला) ४९,९८० येनचा एक स्वस्त स्विच २ निघतोय, आपले २८-२९ हजार होतात, बघून जीभ सुटते, पण तो फक्त जपानी भाषेत चालतो आणि खातंपण जपानचंच लागतं. सगळ्या भाषांचा पाहिजे असेल तर तिथंच ६९,९८० येन. "स्वस्तात आणला बघा दाजी" म्हणून मेव्हणा कौतुकानं डबा हातात देईल आणि तुम्ही मेनूमधली चित्रं बघून अंदाजानं बटणं दाबत बसाल.

हे सगळं झालं तरी मला ज्या गोष्टीवर लिहायचं होतं ती अजून राहिलीच. आमच्याकडं कन्सोल गेमिंग टिकलंय कशावर? गेम हातोहात फिरतात त्यावर. इथं नवा गेम पूर्ण किमतीला घेणारा माणूस विरळा. एकानं घेतला की तो संपवून दुसऱ्याकडं, तिथनं तिसऱ्याकडं, मग राजारामपुरीतल्या कुणाला तरी विकायचा आणि आलेल्या पैशात भर घालून पुढचा घ्यायचा. प्लेस्टेशनच्या डिस्कचं असंच, स्विचच्या कार्टचंपण असंच. आमच्या कट्ट्यावरचा एकजण कार्ट तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवतो, चार कार्ट आरामात बसतात, वरनं रबर. कार्ट केवढंसं असतंय, पोस्टाच्या तिकिटाएवढं, लहान पोरांनी गिळू नये म्हणून त्याला कडू जहर औषध लावलेलं असतं आणि ते खरंच कडू असतं का हे बघायला प्रत्येकानं एकदा जीभ लावलेली आहे, नाही म्हणू नका. कुठलं कार्ट कुणाकडं आहे याचा हिशोब कुणीच ठेवत नाही पण सगळं परत येतं, थोडं उशिरा येतं.

आता स्विच २ मध्ये गेम-की कार्ड म्हणून एक प्रकार आणलाय. दिसायला कार्टच, डब्यात कार्टच, पण आत गेम नाही. आत नुसती किल्ली. पहिल्यांदा घातलं की सगळा गेम इंटरनेटवरून डाऊनलोड करायचा, आणि एवढं करून पुढंपण खेळताना ते कार्ड मशीनमध्ये असायलाच पाहिजे. डब्यावर पुढच्या बाजूला तसं छापलेलं असणार आहे. आता खरं बोलायचं तर हे कार्ड खात्याला बांधलेलं नाही, दुसऱ्याला दिलं तर त्याच्या मशीनवर चालतं, विकतापण येतं, म्हणजे डब्यात नुसता डाऊनलोडच्या कोडचा कागद देतात त्यापेक्षा शंभर पटीनं बरं. ग्रुपवर "संपलं सगळं, शेअरिंग बंद" असं जे लिहालेत ते चूक आहे. पण आमचा एक मेंबर गारगोटीकडचा आहे, त्याच्या घरी वायफाय नाही, दिवसाला दोन जीबीच्या मोबाईल डेटावर सगळं चालतं. पन्नास जीबीचा गेम असला तर त्याला तो उतरवायलाच पंचवीस दिवस लागणार, तोपर्यंत कट्ट्यावर पुढचा नंबरवाला शिव्या द्यायला लागलेला असणार. कार्ट दिलं की घातलं आणि चालू, ती मजा गेली ना. आणि २५६ जीबीत असले गेम मावणार किती, चार-पाच? मग वरनं कार्ड घ्या, तर तिथंपण साधं मायक्रोएसडी चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं, ते साध्यापेक्षा बरंच महाग. तुमच्या जुन्या स्विचमधलं कार्ड यात घालून फक्त जुने फोटो-व्हिडिओ काढून घेता येतील, गेम नाहीत.

अजून लांबचा विचार केला तर, निंटेंडोनंच वी यू आणि ३डीएस या आपल्या जुन्या मशीनचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केलं. घेतलेले गेम अजून उतरवता येतात, पण कधीपर्यंत ते त्यांच्या हातात. कार्टमध्ये पूर्ण गेम असला की असला प्रश्नच येत नाही, सर्व्हर राहू दे नाहीतर जाऊ दे. सायबरपंकवाल्यांनी अख्खा गेम ६४ जीबीच्या कार्टवर बसवलाय, डाऊनलोडची भानगड नाही, त्यांचं करावं तेवढं कौतुक थोडं. म्हणजे मनात असलं तर जमतं. मोठं कार्ट महाग पडतं म्हणून बाकीचे टाळतात एवढंच.

डिजिटल गेमसाठी व्हर्च्युअल गेम कार्ड नावाची सोय येणार हे मार्चच्या शेवटी सांगून झालंवतं. फॅमिली ग्रुपमधल्या माणसाला गेम उसना देता येतो, एकावेळी एक, दोन आठवड्यांसाठी, मग आपोआप परत. आणि देताना दोन्ही मशीन जवळ पाहिजेत. आपोआप परत येणारा गेम! आमच्यातल्या काही जणांसाठी हे फारच उपयोगी आहे, नावं घेत नाही. पण फॅमिली ग्रुपमध्ये अख्खा कट्टा बसत नाही आणि उसनं ते उसनंच, विकता येत नाही.

आणि आता ती गोष्ट जिच्यावर कुणीच बोलत नाहीय. गेमशेअर. कार्यक्रमात दोन मिनिटं दाखवली आणि पुढं गेले. एकाकडं स्विच २ आणि एक गेम असला की जवळ बसलेल्या अजून तिघांना तोच गेम त्यांच्या त्यांच्या मशीनवर खेळायला देता येतो, त्यांनी गेम विकत घ्यायची गरज नाही. आणि त्या तिघांकडं जुना स्विच असला तरी चालतं! ठराविकच गेमना ही सोय असणार, सगळ्यांना नाही, आणि लांबच्या माणसाला गेमचॅटवरून (मित्रांशी बोलत खेळायची ऑनलाइन सोय) द्यायचं तर मात्र त्याच्याकडंपण स्विच २ लागतो. पण जवळ बसून खेळायचं असेल तर कट्ट्यावर एकानं नवा घ्यायचा, बाकीच्यांनी आपले जुने घेऊन यायचं, संपलं. १५ कोटींहून जास्त स्विच विकलेत त्यांनी, ते सगळे एका फटक्यात अजून काही वर्षं कामाचे राहिले. लोक माऊस माऊस करत बसलेत, मला विचाराल तर अख्ख्या तासातली सगळ्यात आपल्या उपयोगाची गोष्ट ही होती.

ते सी बटण, गेमचॅट, त्याच्यावर मात्र किती वेळ घालवला बापरे. बटण दाबलं की मित्रांशी बोलायचं, आपापली स्क्रीन एकमेकांना दाखवायची, वेगळा कॅमेरा घेतला तर तोंडपण दिसतं. मार्च २०२६ पर्यंत फुकट, त्यानंतर मेंबरशिप. पुण्या-बेंगलोरला गेलेल्या पोरांना बरं आहे ते. आम्ही इथं रंकाळ्याच्या एका बाजूला राहतो, आवाज दिला तरी ऐकू जातो.

मग घेणार का? जूनमध्ये नाही. पहिल्या लॉटमध्ये इथला इम्पोर्टवाला किती लावणार ते देव जाणे, आणि वॉरंटी नसताना पहिला लॉट घेणं हे आपल्याला झेपणारं नाही. कट्ट्यावर असं ठरतंय की सगळ्यांनी वर्गणी काढून एक घ्यायचा, गेमशेअर खरंच जुन्या स्विचवर नीट चालतं का ते बघायचं, आणि मग ज्याला पाहिजे त्यानं आपला घ्यायचा. वर्गणीतला कन्सोल ठेवायचा कुणाच्या घरी यावर आत्ताच भांडण सुरू झालंय.

फक्त एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे ती म्हणजे फुटबॉल. हे कोल्हापूर आहे, इथं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की निम्मं गाव तिकडं असतं, इथल्या प्लेस्टेशनवाल्या पोराला विचारलं तू काय खेळतोस तर दहातले आठ जण फिफाच सांगणार, नाव बदलून एफसी झालं तरी तोंडात फिफाच. आणि स्विचवर फिफाची इतकी वर्षं नुसती थट्टा होती. लेगसी एडिशन म्हणून दरवर्षी तोच गेम, खेळाडूंची यादी आणि जर्सी तेवढ्या बदललेल्या, आणि पैसे पुन्हा नव्यानं. एफसी २४ पासून जरा सुधारलं. त्यामुळंच इथं स्विच घेणारे मोजकेच राहिले. आता कार्यक्रमात स्विच २ साठी एफसी येणार एवढं दाखवलंय, नुसता लोगो, पुढं काही नाही. प्लेस्टेशनवर चालतो तोच पूर्ण गेम दिला तर पेठेतली पोरं याकडं वळून बघतील, आणि तो अख्खा कार्टवर येतोय का नुसत्या किल्लीवर हे डब्यावर छापून आलं की गारगोटीवाल्याला पहिला फोन लावणार.